प्लास्टरचा जबडा आणि दाढबाई

जबडा रंगमास्तरांनी स्वतःच्या हातांनी केला होता, त्यामुळे तो भर वर्गात रक्तबंबाळ झाल्याचं खापरही त्यांच्याच डोक्यावर फुटलं.

तसा जबडा झाला होता झकास. सुटकेसएवढा मोठा, मागे दाराच्या बिजागऱ्या लावलेला, वर-खाली उघडणारा. दाढांवर खऱ्यासारखे उंचवटे, खाचा. हिरड्या अशा लालचुटूक की बघणाऱ्याने लाजून आपलं तोंड मिटून घ्यावं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. तीस वर्षं त्यांची कला स्नेहसंमेलनाचे पडदे आणि ‘येथे सायकली लावू नयेत’ची पाटी यांच्या पलीकडे गेली नव्हती. त्यामुळे पोरांना दात घासायला शिकवण्यासाठी दाढबाईंनी जबड्याची ऑर्डर दिल्यावर गडी पेटलाच. दोन आठवडे घरात जेवणाच्या टेबलावर जबडा होता आणि बायको ताट घेऊन स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होती.

बालवर्गाची पोरं फरशीवर बसली होती. दाढबाईंनी ॲप्रन बांधला, बाह्या सरसावल्या, कपडे घासायचा भला मोठा ब्रश बादलीत बुचकळला आणि म्हणाल्या, “नीट बघा. जोर नाही लावायचा. गोल गोल, हळू.”

पहिल्याच गोल फेरीत हिरड्या गळायला लागल्या.

मास्तरांनी त्या पोस्टर कलरने रंगवल्या होत्या. ऑइल पेंटचा डबा उघडून पाहिला होता, पण आतल्या रंगाची चपलेच्या तळव्यासारखी चकती झालेली. नवा डबा आणायचा तर बाजारात जायला हवं, आणि जबडा तर सकाळी हवा. शिवाय आयुष्यभर चित्रं काढलेल्या माणसाच्या डोक्यात वस्तू ही बघण्यासाठी असते. ही वस्तू घासण्यासाठी आहे, आणि तीही ओल्या ब्रशने, एवढी साधी गोष्ट त्या डोक्यात शिरलीच नव्हती. लाल रंग दातांवरून ओघळला, टेबलाच्या कडेला साठला आणि तिथून टपटप खाली पडायला लागला.

मग सगळा वर्ग असा किंचाळला की वरच्या मजल्यावरचा गणिताचा तास थांबला.

पोरं रडली, दाराकडे पळाली, एकमेकांवर आपटली आणि पुन्हा रडली. पहिल्या रांगेत मुंगी बसली होती. वर्गातली सगळ्यात लहान, म्हणून मुंगी. लाल थेंब तिच्या पांढऱ्या मोज्यावर पडला होता. ती रडली नाही. तिने मोज्याकडे पाहिलं, जबड्याकडे पाहिलं, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले आणि जी गप्प झाली ती झालीच.

दाढबाई ठिबकता ब्रश हातात धरून मास्तरांकडे वळल्या.

“मास्तर. हा रंग कसला?”

“लाल,” मास्तर म्हणाले. “थोडा शेंदरी मिसळलाय. नुसता लाल फार भडक वाटतो ना—”

“मी तुम्हाला रंगाचं नाव विचारतेय?”

पोरांसमोर त्या एवढंच बोलल्या. पोरांसमोर त्यांचा आवाज कधीच चढत नसे. राग सगळा मोठ्यांसाठी राखून ठेवलेला. बाईंच्या कमरेच्या वर उंची गेली की माणूस त्यांच्या रागाच्या हद्दीत येतो, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणत, आणि मास्तर चांगले सहा फूट होते.

पोरांना शांत करून वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी मास्तरांना नळांपाशी गाठलं.

“अहो, वर्षभर! वर्षभर मी या पोरांच्या मागे लागलेय! ब्रश तोंडात घालायला दोन महिने गेले. पेस्ट गिळायची नाही हे शिकवायला आणखी दोन. आणि तुम्ही सकाळच्या एका तासात सगळं धुऊन टाकलंत! अक्षरशः धुऊन!”

“दुसरा कोट देतो ना. उद्याच्या उद्या.”

“कोट कसला देताय? पोरांना वाटतंय ब्रश केला की तोंड फुटतं! त्यांच्यावर कुठला कोट देणार आहात?”

मास्तरांनी ओशाळून हसण्याचा प्रयत्न केला. हसताना त्यांचा उजवा हात आपोआप तोंडासमोर गेला. तो नेहमीच जायचा. मास्तर शाळेतले सगळ्यात विनोदी गृहस्थ, दिवसातून पन्नास वेळा हसायचे आणि पन्नास वेळा हात तोंडावर. लोकांना वाटे, काय सभ्य माणूस आहे.

आता दाढबाईंबद्दल सांगायला हवं. हे नाव पोरांनी ठेवलेलं. बाई पूर्वी सरकारी इस्पितळात दातांच्या विभागात परिचारिका होत्या. तिथून त्या स्वतःहून शाळेत आल्या, कमी पगारावर. आल्या आल्या भांडून त्यांनी बालवर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पोरांच्या उंचीला बुटके नळ बसवून घेतले. नळांच्या वर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला एक प्लास्टिकचा मग, मगात एक ब्रश. एकाचा ब्रश दुसऱ्याच्या ब्रशला लागता कामा नये म्हणून खिळ्यांमध्ये वीतभर अंतर. पोरांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येक मगावर मास्तरांनी एकेक चित्र काढून दिलेलं: छत्री, होडी, बदक, शिडी. मुंगीच्या मगावर अर्थातच मुंगी, आणि ती शेजारच्या मगावरच्या हत्तीपेक्षा मोठी, कारण मुंगीने तसं बजावलं होतं.

डबा खाऊन झाला की पोरांची झुंड नळांवर. बाई प्रत्येक ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट काढत आणि रांगेच्या मागून येरझारा घालत. “पुढचे झाले. पुढचे सगळेच घासतात, लोकांना दिसतात ना! मागे कोण जाणार? दाढा कोण घासणार?” मग पोरं फेसाळलेल्या तोंडाने “आम्मी!” म्हणून ओरडत आणि ब्रश गालात घुसवत. दिवसातून एकदाच हा प्रश्न विचारून बाईंनी स्वतःचं बारसं करून घेतलं होतं.

हे झालं पोरांपुरतं. मोठ्यांना मात्र त्या कडाडत. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटायला आलेल्या आईला त्यांनी फाटकातून परत पाठवलं होतं. “पोराचा वाढदिवस आहे की किडीचा?” हे वाक्य त्या आईने पुढे महिनाभर सगळ्या वस्तीला ऐकवलं. पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती एका ठरावीक वाक्याने. समोरचा कुणीही असो, कधी ना कधी तो म्हणायचाच, “अहो बाई, दुधाचेच तर दात आहेत. पडणारच आहेत.”

मास्तरांनीही, बाई शाळेत नवीन असताना, हे वाक्य टाकलं होतं. बाईंनी त्यांच्या डोक्यावरच्या चार-दोन शिल्लक केसांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तेही पडणारच आहेत. मग विंचरता कशाला?” तेव्हापासून मास्तर विंचरताना आरशात स्वतःकडे जरा संशयाने बघत.

जबड्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकात पालकांची गर्दी. पोरं घरीही ब्रश करेनात. कुणी ब्रश खिडकीतून फेकला होता, कुणी पलंगाखाली जाऊन बसलं होतं. दुपारी डबा झाल्यावर नळांवर एकही पोर फिरकलं नाही. खिळ्यांवर मग तसेच लटकत होते, छत्री, होडी, बदक.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोघांना खोलीत बोलावलं. मोठ्या बाई तशा वाईट नव्हत्या. फक्त शाळा बाहेरून कशी दिसते याची त्यांना भारी काळजी.

“मला वाटतं हा ब्रशचा प्रकार आता थांबवू या,” त्या म्हणाल्या. “तेवढ्या वेळात अक्षरं गिरवून होतील. आणि त्या व्हरांड्यात नेहमीची ओल. पाहुणे आले की पहिल्यांदा तेच दिसतं. तिथे एक छानसं मत्स्यालय ठेवायचं माझ्या मनात आहे. मुलांनाही मासे आवडतात.”

“मासे,” दाढबाई म्हणाल्या.

“रंगीत.”

“पोरांची तोंडं सडू देत, आणि मासे रंगीत!”

“बाई, आवाज. शेवटी दुधाचेच तर—”

मास्तरांनी डोळे मिटले. पुढचा काही वेळ त्या खोलीत जे झालं त्यात त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं कानांवर पडलं तेवढं पुरे होतं. “पडतात म्हणजे काय, हवेत पडतात? त्यांच्याखाली पक्के दात वाट बघत असतात! सहा सहा वर्षं त्याच दातांनी जेवायचं असतं पोरांना! ठणकायला लागला की झोप नाही, जेवण नाही, आणि मग तुम्हीच लिहिणार प्रगतिपुस्तकात, लक्ष देत नाही! काय लक्ष देणार? ठणक्याकडे देतंय ना लक्ष!”

शेवटी मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो बाईंनी घेतला नाही.

“हे बघा, शुक्रवारी नळ काढायला प्लंबर येतोय. सांगून ठेवलंय त्याला. तोपर्यंत रडारड न करता सगळा वर्ग ब्रश करताना मला दाखवा. मी त्याला परत पाठवीन.” मग त्या मास्तरांकडे वळून म्हणाल्या, “जबडा मात्र सुरेख केलात हं.”

मास्तरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी जाऊन त्यांनी जबडा खरवडला, ऑइल पेंटचा नवा डबा आणून रंगवला, वर वॉर्निश मारलं, बादलीभर पाणी ओतून पाहिलं. एक थेंब लाल सुटला नाही. बायको दारात उभी राहून बघत होती.

“मला एक सांगा, त्या प्लास्टरच्या तोंडावर एवढी मेहनत. आणि स्वतःच्या?”

“आता माझ्या तोंडाचं कुठं आलं मध्येच?”

“वर्षभर एका बाजूनं चावताय. रात्री गालाखाली हात घेऊन झोपताय. मी आंधळी आहे? दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की तुम्हाला पेपर तपासायचे असतात. चित्रकलेचे पेपर! काय तपासता त्यात, आंबा गोल आहे की नाही?”

“हळू बोल, शेजारी ऐकतील.”

“ऐकू दे! ती बाई बोलते ते एक अक्षर खोटं नाही. मी तिच्या जागी असते ना, तर ब्रशच फेकून मारला असता.”

बुधवारी मास्तर नवा चकचकीत जबडा घेऊन वर्गात शिरले. तो बघताच पोरांनी असा काही टाहो फोडला की मास्तर जबड्यासकट उलट्या पावली बाहेर. वॉर्निशमुळे तो आता ओला दिसत होता. एक पोर रडता रडता म्हणालं, “त्याने आत्ताच कुणालातरी खाल्लंय!”

“झाका ते,” दाढबाई दात-ओठ खात म्हणाल्या. “चादर टाका, गोणपाट टाका, काही टाका. आणि आता यापुढे काही करू नका. तुम्ही काही न करणं हीच मोठी मदत.”

त्याच दुपारी फाटकात मुंगीचे आजोबा उभे होते. मुंगीचा डावा गाल पुरीसारखा फुगला होता. तोंड मिटलेलंच, वर दोन्ही हात. आजोबा खिशातून चॉकलेट काढून तिच्यापुढे धरत होते.

“काय चाललंय हे?” दाढबाई अंगावरच गेल्या.

“दुखतंय हो तिला. म्हटलं, तेवढंच बरं वाटेल.”

“आगीवर रॉकेल ओताल, तेवढंच गार वाटेल! डॉक्टरकडे नेलं का?”

“सकाळीच नेलं. तोंडच उघडत नाही तर डॉक्टर काय करतील? सूज उतरायचं औषध दिलंय. म्हणाले, उद्या परत आणा. नाहीच उघडलं तर पूर्ण बेशुद्ध करून बघावं लागेल.” म्हाताऱ्याने चॉकलेटचा कागद पिळला. “एवढ्याशा जिवाला बेशुद्ध! आणि कशासाठी? दुधाचा दात. आमच्या वेळी आपोआप पडायचे.”

मास्तर मागेच उभे होते. त्यांना वाटलं, आता म्हाताऱ्याची धडगत नाही. पण बाई ओरडल्या नाहीत. आवाज एकदम खाली आला, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता.

“आजोबा, इस्पितळात माझं काम काय होतं माहितीये? डोकं धरायचं. डॉक्टर दात काढायचे आणि मी पोराचं डोकं धरायची. असं, दोन्ही हातांत. पोर ओरडतं ते कानाला ऐकू येतं तेवढंच नसतं. कवटीतून हातात येतं. घरी जाऊन साबणाने हात धुतले तरी जात नाही. आणि बाहेर बाकावर आई, बाप, आजी, आजोबा सगळे रडत असायचे, आणि सगळे हेच म्हणायचे, दुधाचा दात हो. एक दिवस मी म्हटलं, आता मी डोकं धरणार नाही. त्याच्या आधीच काहीतरी धरेन. म्हणून इथे आले.” त्यांनी आजोबांच्या हातातलं चॉकलेट काढून घेतलं आणि आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकलं. “उद्या डबा झाल्यावर या. तोवर मी हिचं तोंड उघडायला लावते. कसं ते मला विचारू नका. मलाही माहीत नाही.”

त्या तरातरा निघून गेल्या. मास्तर हसून वातावरण हलकं करायला गेले, पण हसू आलंच नाही. हात मात्र सवयीने वर गेला. मुंगी त्या हाताकडे टक लावून बघत होती.

गुरुवारी सकाळी बालवर्गाला चित्रकला होती. मास्तरांनी सांगितलं, हवं ते काढा. मुंगीने एक लांबलचक माणूस काढला. डोक्यावर चार केस, आणि तोंडाच्या जागी तोंड नाहीच, पाच बोटांचा हात.

“हा कोण गं?”

मुंगीने बोट त्यांच्याकडे रोखलं. मग तीन दिवसांत पहिल्यांदा, बोटांच्या फटीतून, ती बोलली. “तुमच्यापण तोंडातून रक्त येतं?”

“छे! कुणी सांगितलं?”

“मग हात का लावता?”

मास्तरांकडे प्रत्येक प्रश्नाला एक गमतीचं उत्तर असायचं. मुख्याध्यापिकांना असायचं, शाळा तपासनिसांना असायचं, बायकोला तर दोन-दोन असायची. त्यांनी खिसे चाचपावेत तसं सगळं डोकं चाचपून पाहिलं. काही सापडलं नाही. मुंगी वाट बघत राहिली, आणि मग तिने चित्रातल्या हातावर लाल खडू गिरवायला घेतला.

दुपारी डबे संपले. पोरं व्हरांड्याच्या लांबच्या टोकाला भिंतीला चिकटून उभी. या टोकाला नळ, खिळे, मग, आणि पेस्ट हातात घेऊन एकट्या दाढबाई. एवढ्यात मास्तर बालवर्गातली एक बुटकी लाकडी खुर्ची घेऊन आले, नळांसमोर मांडली आणि तिच्यावर बसले. गुडघे थेट कानांशी आले.

“हे काय आता?”

“माझे घासा.”

“मास्तर, मी तुम्हाला हात जोडते. थट्टेची वेळ नाही.”

“थट्टा नाही, बाई.” मास्तरांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले, नाहीतर ते वर गेलेच असते. डोळे मिटले आणि त्यांनी आ केला. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, भर व्हरांड्यात, सगळ्यांसमोर.

दाढबाई वाकल्या. त्यांनी आत पाहिलं. कोपऱ्याकोपऱ्यांत पाहिलं. आणि स्फोट झाला.

“अरे देवा! हे तोंड आहे की अडगळीची खोली? ही दाढ कधीपासून अशी आहे? बोलू नका, तोंड उघडं ठेवा! ही बाजू तर चावायला वापरतच नाही तुम्ही, थर बसलाय नुसता! एवढे शिकलेले, एवढे म्हातारे, आणि लाज नाही वाटत? रात्री घासता का? मान हलवून सांगा. नाही? नाही म्हणतायत बघा!”

पहिल्यांदाच बाईंचा राग सगळ्या वर्गादेखत बाहेर पडला होता, आणि पोरं खूश झाली. एवढा मोठा माणूस, मास्तर, आ वासून बसलाय, आणि त्याला सणसणीत ओरडा बसतोय! असं सुख रोज मिळतं का? एक पोर भिंतीपासून सुटलं. मग दुसरं. बघता बघता खुर्चीभोवती कोंडाळं झालं.

“बाई, तो काळा दिसतोय तो बघा!”

“अगं, त्या दाताला खड्डा आहे!”

“मास्तर रात्री घासत नाहीत! मी आईला सांगणार!”

बाईंनी नवा ब्रश फोडला, वाटाण्याएवढी पेस्ट घेतली आणि घासायला सुरुवात केली. गोल गोल, हळू. रागात होत्या, पण हात रागात नव्हता. मागे गेल्या, गालाच्या आत गेल्या. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मग, जे व्हायला नको होतं तेच झालं. फेस गुलाबी झाला.

कुणीतरी मागे सरकलं. मुंगी सगळ्यांच्या पुढे होती. तिचे हात तोंडावर आणखी घट्ट झाले. मास्तरांना ते सगळं दिसत होतं, आणि आज पोस्टर कलर नव्हता.

“बघताय काय?” दाढबाई पोरांना म्हणाल्या. आवाज चिडलेलाच, पण सरळ. “रक्त आलंय. खरं. ब्रशने नाही आलं. मास्तर घासत नाहीत म्हणून हिरड्या सुजल्यात, आणि सुजलेल्या हिरड्यांतून रक्त येतं. रोज घासायला लागले की थांबेल. तुमच्या येतं का रोज? येतं का?”

पोरांनी विचार केला. कुणाच्याच येत नव्हतं.

मास्तर वाकून नळाखाली थुंकले, तोंड पुसलं आणि वर बघून हसले. हात पुन्हा मांड्यांखाली दाबून. काळे, पिवळे, वाकडे, एक तर नाहीच, असे सगळे दात उघडे टाकून.

मुंगी अगदी जवळ आली. “दुखलं?”

“थोडं. आणि थोड्या गुदगुल्या.”

“मी घासू तुमचे?”

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ब्रश मुंगीच्या हातात दिला. ब्रश धरायचा म्हणजे तोंडावरचा हात काढायला हवा. तिने तो काढला. मास्तरांच्या दाताला ब्रश लावताना तिचं स्वतःचं तोंड आपोआप उघडलं, भरवताना आईचं उघडतं तसं. दाढबाई तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी आत बघितलं.

मग हलकेच म्हणाल्या, “शाबास. आता असंच तोंड डॉक्टरकाकांना दाखवायचं. मी येते बरोबर.” आणि उठून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून, फाटकातून आत येणारे आजोबा जागच्या जागी थांबले.

शुक्रवारी प्लंबर आला तेव्हा सगळे नळ चालू होते आणि प्रत्येक नळावर एक फेसाळलेलं तोंड होतं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलणार एवढ्यात दाढबाईंनी प्लंबरला म्हटलं, “आलात? तो शेवटचा नळ गळतोय, वायसर बदला.” त्याने बदलला. मत्स्यालय पुढे मोठ्या बाईंच्या खोलीत गेलं. मासे तिथे सुखाने राहिले आणि पाहुण्यांनाही फार आवडले.

पण मास्तरांना वाटलं होतं तसा बाईंचा राग काही उतरला नव्हता. उलट त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणी पेढे मागायच्या सुरात “जिंकलात की बाई!” म्हणालं, तर त्यांनी कप असा आदळला की बशीचा टवका उडाला.

“काय जिंकले? मुंगीची दाढ काढली काल. बेशुद्ध करावं लागलं नाही, तोंड उघडलं पोरीने, पण दाढ नाही वाचली. एवढीशी पोर! मीच धरलं डोकं. म्हटलं होतं ना, पुन्हा धरणार नाही म्हणून? धरलं. आणि बाहेर बाकावर कोण, तर तेच आजोबा, तेच रडणं.” त्यांनी उडालेला टवका उचलून बशीत ठेवला. “ओरडली नाही ती. माझा अंगठा धरून ठेवला नुसता. ओरडली असती तर बरं झालं असतं.”

दुधाच्या दातांचं वाक्य त्या शाळेत त्यानंतर कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही.

आजोबा आता रोज फाटकात बाईंना पाहिलं की दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढून दाखवतात. कोटाचे, विजारीचे, सगळे. बाई मान हलवतात आणि म्हणतात, “आतला खिसा?” मग आजोबा आतला खिसाही दाखवतात.

खिळ्यांच्या रांगेत शेवटी एक नवा खिळा ठोकला गेला, बाकीच्यांपेक्षा बराच उंच. त्यावरच्या मगावर मुंगीने स्वतः चित्र काढून दिलं: लांबलचक माणूस, डोक्यावर चार केस, आणि कानापासून कानापर्यंत उघडलेलं तोंड, त्यात खच्चून भरलेले काळे दात. मास्तरांनी सुचवून पाहिलं की थोडे पांढरे केले तर चालतील. मुंगी म्हणाली, पांढरे झाले की करू.

मास्तर डॉक्टरकडे जाऊन आले. एक दाढ गेली, दोन भरल्या, आणि बायकोने जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी चावणारा नवरा बघितला. रोज दुपारी डबा झाला की ते पोरांच्या रांगेत कमरेतून वाकून उभे राहत. एका दुपारी घासून झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. फेसाचा मागमूस नाही, रक्ताचा थेंब नाही, पुढचे दात चक्क चमकत होते. आपणच आपल्यावर खूश होऊन ते वळले आणि हात पाठीमागे बांधून, सगळे दात दाखवून, दाढबाईंसमोर उभे राहिले.

“बाई, महिना झाला. आज तरी तुमचा राग गेला म्हणा की!”

बाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “दाढा कोण घासणार?”